नजरभार

उजाडता उजाडता धामणगड राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर जीपा लागायच्या आणि देवाजी कुमरे एकेका पाहुण्याच्या डोळ्यांना झापडं बांधायला घ्यायचा. सरकारी भाषेत तो ‘दृष्टिनियंत्रक चष्मा’ होता. पण टांग्याच्या घोड्याला बांधतात तसलीच ही वस्तू आहे, हे बेलदऱ्याच्या लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि झापडं हेच नाव पडलं. प्रवेशशुल्क भरलं की जीपमध्ये बसायचं, जंगलाचा वास घ्यायचा, पाखरं ऐकायची. बघायचं असेल तर दृष्टिशुल्क निराळं. वाघीण समोर आली की काळ्या काचा आपोआप स्वच्छ व्हायच्या, ज्यानं जेवढं भरलं असेल तेवढा वेळ दिसायचं, मग पुन्हा अंधार.

पट्टा आवळून झाला की देवाजी त्याखाली दोन बोटं सरकवून बघायचा. बोटं शिरली तर ठीक, नाहीतर सैल करायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बैलाचं जू बांधताना त्याचा बाप असंच बघायचा.

या झापडांच्या मुळाशी डॉ. वासंती टेंबे यांचा शोध होता. धामणगडच्या वाघिणींना पिल्लं होईनात तेव्हा बाई इथं आल्या, आणि पुढची कित्येक वर्षं देवाजीच्याच घरची भाकरी खाऊन जंगल पालथं घालत राहिल्या. जीपांचा आवाज बंद केला, धूर बंद केला, तरी फरक पडेना. मग त्यांनी तेवढेच लोक, तेवढ्याच जीपांतून, पण डोळे बांधून आत नेले. पुढच्या हंगामात दोन वाघिणी व्याल्या.

बाईंनी ते गावाला समजावून सांगितलं होतं. प्रत्येक जिवाच्या मेंदूत एक फार जुना कोपरा असतो. समोरचे दोन डोळे आपल्यावर रोखलेत एवढंच त्याला कळतं, आणि कळलं की तो रक्तात भीतीचा एक थेंब सोडतो. नजर हटली की थेंब विरून जातो. पण हजारो डोळे रोज रोखले गेले तर आधीचा थेंब विरायच्या आतच पुढचा पडतो आणि साचत जातो. या साठ्याला त्यांनी नजरभार असं नाव दिलं. भार वाढला की शरीर कायम पळायच्या तयारीत राहतं, आणि पळणारं शरीर गर्भ पोसत बसत नाही, टाकून देतं.

म्हाताऱ्या बायका गालात हसल्या होत्या. दृष्ट लागते हे त्यांना सांगायला एवढं शिकावं लागत नव्हतं.

वाघ वाचले, इथवर सगळं नामी झालं. पण एवढी गर्दी एवढ्या लांबून येऊन आंधळी बसायची, आणि परत फाटकावर यायची ती डोळे उपाशी ठेवून. भांडणं व्हायला लागली. तेव्हा उद्यान समितीनं डोकं लढवलं आणि ‘ग्रामदर्शन’ काढलं. जंगलातून बाहेर आलं की झापडं उतरवायची, आणि बेलदऱ्यात हवं तेवढं बघायचं, फुकट. गाव तसंही जंगलातून उठवून इथं वसवलेलं, शेती नावाला. घरं समितीची. समितीनं एवढीच अट घातली होती, अंगणाला आडोशाचा कूड घालायचा नाही आणि दिवे लागेपर्यंत दार लावून आत बसायचं नाही. ग्रामसभेत लोक कुरकुरले तेव्हा देवाजीच उभा राहिला होता. बघतील आणि जातील, बघण्यानं काय झिजतं आपलं, असं तो म्हणाला, आणि पहिलं अंगण म्हणून त्यानं हौसेनं आपल्या लेकीचं दिलं. शेवंतासारख्या भिंती अख्ख्या गावात कुणी रंगवत नव्हतं.

माणसाला कधी कधी बुद्धी सुचते ती अशी.

शेवंता भाकरी थापायची तेव्हा चाळीस जण बघायचे. ती केस विंचरायची, नवऱ्याशी दोन शब्द बोलायची, तापानं फणफणून खाटेवर पडायची, तेव्हाही बघायचे. वाईट माणसं नव्हती ती. हसायची, हात जोडायची, फार छान म्हणायची. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं चौथ्यात. तिसरंही गेलं तेव्हा तिची सासू म्हणाली, पोरीतच काहीतरी कमी आहे.

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा देवाजीनं लेकीच्या फणीत अडकलेले केस सोडवले, नमुन्याच्या पुडीत घातले आणि बाईंच्या तंबूत नेऊन दिले. केसात भीतीचा हिशेब राहतो, केस वाढेल तसा महिन्यामागून महिना त्यात उमटत जातो, हे त्याला ठाऊक होतं. झाडांच्या सालीला अडकलेले वाघिणींचे केस त्यानंच तर इतकी वर्षं गोळा केले होते.

बाईंनी यंत्रावरचा आकडा बघितला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“धामणगडची शेवटची वाघीण व्यायची थांबली होती ना, देवाजी,” त्या हळू म्हणाल्या, “तिच्याहून जास्त आहे.”

“मंग इतकी वर्षं तुमी आमचं काहून नाही मोजलं, मॅडम?”

बाईंनी खरं ते सांगितलं. “मला वाघांसाठी पाठवलं होतं. माणसांचं मोजावं, असं माझ्या मनातच आलं नाही.”

देवाजीला राग आला नाही. यावर उपाय काय, एवढंच त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, तिला अशा जागी ठेवा जिथं बाळंत होईपर्यंत कुणी बघणार नाही. देवाजीनं पुष्कळ विचार केला. तशी जागा एकच होती, जंगलाच्या पोटात, जिथं त्यांचं जुनं गाव होतं. तिथं माणसाला बंदी होती, आणि ती बंदी बाईंच्याच शोधानं आली होती.

तरी बाई समितीपुढे गेल्या, तावातावानं भांडल्या. निदान एका अंगणाला कूड घालू द्या, म्हणाल्या. समितीतले लोक समंजस होते, त्यांनी अहवाल नीट वाचला. कूड घातला तर ग्रामदर्शन बुडेल आणि गावाच्या पोटावर पाय येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी बाईंना एकच प्रश्न विचारला. भीतीचा थेंब पडतो तो कुणी बघतं म्हणून, की बघणारे डोळे दिसतात म्हणून?

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. जन्मभराच्या सवयीनं त्या खरं बोलल्या. डोळे दिसतात म्हणून.

“मग प्रश्न सोपा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “वाघिणीला चष्मा लावता येत नाही, म्हणून आपण पाहुण्यांना लावतो. ह्या ताईंना लावता येईल.”

दुसऱ्याच दिवसापासून शेवंता झापडं घालून अंगणात बसायला लागली. पट्टा देवाजीनं बांधला. ती चाचपडत भाकरी थापायची, चाचपडत भिंत रंगवायची, बोटानं रेघ धरून. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत अंधार. काही दिवसांनी ती बापाला म्हणाली, “बा, आता मले बरं वाटते. कोणीच नाही असं वाटते.” ते ऐकून देवाजी घरामागे जाऊन ढसाढसा रडला.

बातमी बाहेर फुटली. जिच्याकडे बघितलं तर मूल दगावतं अशी बाई, आणि ती आता निवांत बघता येते! गर्दी दुप्पट झाली. समितीनं ग्रामदर्शनाला शुल्क लावलं आणि शेवंताच्या अंगणाला निराळं. पुढे तिच्या केसांतला आकडा उतरला, पोट वाढलं, आणि नऊ महिने भरून मुलगी झाली, चांगली धडधाकट. गावानं साखर वाटली. बाईंचा शोध माणसांनाही लागू पडला होता. त्यांनी शेवटचा अहवाल लिहिला, तंबू आवरला आणि जाताना देवाजीच्या घरी भाकरी खायला मात्र थांबल्या नाहीत.

बारशाच्या दिवशी अंगणाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंता झापडं लावून पाळण्याशी बसली होती. आपल्या लेकीचं तोंड ती दिवे लागल्यावर, दार लावूनच बघायची. बायकांनी पाळण्याची दोरी ओढली, नाव ठेवलं, आणि गालाला तीट लावायला शेवंतानं बापाला पुढे बोलावलं. देवाजीनं काजळाचा ठिपका लावला तेव्हा पाहुण्यांमधून कौतुकाचे उद्गार आले.

मग समितीचा माणूस पुढे झाला. सोबत त्यानं आहेर आणला होता, रंगीत कागदात गुंडाळलेला. आठ दिवसांच्या बाळालाही रोखलेले डोळे ओळखता येतात, हे बाईंच्याच अहवालात होतं, आणि समितीला बाळाची काळजी होती. कागद सोडवला तर आत कापसाची गादी लावलेली, लिंबाच्या फोडीएवढ्या काचांची झापडं होती.

“बा,” शेवंता अंधारातून म्हणाली, “दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नको. तूच बांध.”

पोर डोळे उघडून गर्दीकडे बघत होती. खालचा ओठ तिनं बाहेर काढला होता, रडू फुटण्याआधी काढतात तसा. देवाजी वाकला, ती इवलीशी झापडं त्यानं तिच्या डोळ्यांवर बसवली आणि मागे पट्टा लावला. पोर गप्प झाली. पट्टा फार आवळला तर नाही ना, म्हणून त्यानं सवयीनं त्याखाली बोटं घालून बघितली. दोन शिरेनात. मग त्यानं एकच घातलं.