मास्तर आणि सिस्टर

"मास्तर, एक हाफ द्या."

मी तिकिटाच्या मशीनमधून मान वर न करताच म्हणाले, "हाफ बायांले असते. तुमचं फुल लागंल."

"पन मले तर समदे सिस्टर म्हनतात..."

आता मात्र मान वर करावीच लागली. पांढरा गणवेश, खांद्याला पिशवी, पिशवीतून बाहेर आलेला हरभऱ्याचा टहाळ, आणि चेहरा इतका गंभीर की मला हसावं की रागवावं तेच कळेना. चिखलीहून मेहकरला जाणारी आमची सकाळी आठ-दहाची गाडी डिसेंबरच्या थंडीत खिडक्या लावून निघाली होती. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "अव मास्तर, खरं सांगून राह्यला तो! आमच्या दवाखान्यातला सिस्टर हाये!"

अख्खी गाडी हसली. तोही हसला. दातावर दात चढलेला होता त्याचा, आणि तो मला लगेच आवडला, हे कबूल करून टाकते.

वाटेतल्या एका फाट्यावरच्या सरकारी दवाखान्यात तो नर्स होता. 'ब्रदर म्हणा' असं त्यानं लोकांना शंभरदा सांगून पाहिलं होतं. पण तिकडच्या म्हाताऱ्यांच्या हिशेबी सुई देईल ती सिस्टर, मग तिला मिशा का असेनात! तसंच, तिकीट फाडेल तो मास्तर. माझी कमरेपर्यंत वेणी असली तरी मी मास्तरच.

त्यानं माझ्या खाकी शर्टावरची नावाची पट्टी वाचली. "समता... जय भीम, मास्तर. मी प्रसेनजित."

"जय भीम, सिस्टर," मी म्हणाले आणि त्याला फुल तिकीट दिलं.

त्यानंतर आठ-दहाची गाडी त्यानं कधी चुकवली नाही. माझ्या सीटवर रोज टहाळाची एक डहाळी ठेवलेली असायची. मी तिकिटं फाडता फाडता घाटे सोलून खायची आणि ते कुठून आले हे माहीत नसल्यासारखं करायची.

एकदा तिकीट देताना बोटाला बोट लागलं. तो म्हणाला, "तुमचे हात काऊन इतके थंड?"

"सकाळपासून लोखंडी दांडी धरून उभी हावो मी."

"आमच्या कामात थंड हात चालत नाही. लोकं बोंबलतात."

"मले कोनाले सुई देनं हाये?"

"मंग... काय देनं हाये?"

"तिकीट," मी म्हणाले. पण कान तापले होते.

फाट्यावर तो उतरला की मी डबल बेल द्यायला जरा उशीरच करायची. तो रस्ता ओलांडायचा, पलीकडे जाऊन हात हलवायचा, मग मी दोरी ओढायची. आमचे ड्रायव्हर उत्तमराव आरशातून बघत म्हणायचे, "मास्तर, बेल देता, का गाडी थेट दवाखान्यात नेऊ?"

असे दोन महिने गेले. मग भिमाआत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. आमच्याकडे चिखलीला राहून ती सकाळच्या गाडीनं परत गावी निघाली होती. प्रसेनजित माझ्या शेजारी बसून मला हसवत होता, ते तिनं पाहिलं आणि भर गाडीत विचारलं, "हा कोन व, समते? काय काम करते?"

नर्स. एवढा एकच शब्द होता. तो माझ्या ओठांपर्यंत आला... आणि मला दिसलं, आत्या गावभर सांगणार, समतानं बायकांचं काम करणारा पोरगा पाहिला म्हणून. मी म्हणाले, "डॉक्टर हायेत ते, आत्या."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

आत्यानं लगेच साडी वर करून गुडघा पुढे केला. "डॉक्टरसाहेब, रातभर ठनकते हो हा." त्यानं गुडघा नीट दाबून पाहिला आणि हळूच म्हणाला, "एक्स-रे फोटो काढून घ्या चिखलीले. मोठ्या डॉक्टरले दाखवा." मग फाट्यावर उतरला. त्या दिवशी त्यानं रस्त्यापलीकडून हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो आता जीपनं जातो, असं मागच्या सीटवरच्या म्हातारीकडून कळलं.

लाज वाटली, असं म्हणणं सोपं आहे. मला जेवण जात नव्हतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका माणसानं माझ्या हातून तिकीट घ्यायला नकार दिला होता. 'बाईमानसाचं काम हाये का हे?' म्हणाला होता, आणि मी डेपोच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. त्याच माणसाचं बोलणं आता माझ्या तोंडून निघालं होतं, फक्त जरा शहाण्या शब्दांत. आणि बाबांनी नाव काय ठेवलंय माझं? समता! छातीवरची ती पट्टी मला आठवडाभर टोचत राहिली.

रविवारी सुट्टी होती. मी साध्या कपड्यांत दवाखान्यात गेले आणि रांगेशेजारच्या बाकावर बसले. आत एका आजोबांना उलटी होत होती. प्रसेनजितनं एका हातात भांडं धरलं होतं, दुसऱ्या हातानं तो त्यांची पाठ चोळत होता. मग त्यांचं तोंड पुसलं, आणि शर्टाचं बटणही लावून दिलं. माझ्या शेजारी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "आमचा सिस्टर नसला तं मी सुईच घेत नाही बाई. हात लय हलका हाये त्याचा."

तो बाहेर आला आणि मला पाहून थांबला.

"माफी मांगाले आली," मी म्हणाले. "मले... तुमच्या कामाची लाज वाटली. आता माही मले वाटून राह्यली."

त्यानं हात पुसले. "मलेबी वाटली," तो म्हणाला. "मीबी आत्याले खरं नाही सांगतलं. दोन मिनिटं डॉक्टर झालो, अन् मले बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते."

"मंग आता?"

"इथं कोपऱ्यात माफी सोपी हाये, मास्तर. जिथं खोटं सांगतलं, तिथं खरं सांगता काय?"

"उद्या आठ-दहाची गाडी धरा," मी म्हणाले.

सोमवारी गाडी गच्च भरली होती. आत्या पुढच्याच सीटवर होती. शनिवारीच चिखलीला येऊन तिनं खरोखरच गुडघ्याचा फोटो काढला होता, मोठ्या डॉक्टरलाही दाखवला होता. मोठा पिवळा लिफाफा मांडीवर घेऊन ती शेजारणीला सांगत होती, "आमच्या समतेचा डॉक्टर हाये ना, त्याले दाखवतो." प्रसेनजित चढला तशी तिनं लिफाफा उंच केला. "या, डॉक्टरसाहेब!"

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला.

रोज याच गाडीत मी बेंबीच्या देठापासून ओरडते, आणि आता आवाज म्हणून निघेना.

"आत्या... ते डॉक्टर नाहीत. सिस्टर हायेत."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. माझा चेहरा पेटला, पण आता थांबले असते तर पुन्हा कधीच बोलू शकले नसते.

"मी खोटं बोलली. मले लाज वाटली त्यांच्या कामाची. मी बाईमानूस होऊन मास्तर झाली, अन् ह्यांच्या सिस्टर होन्याची मले लाज! ते नर्स हायेत, आत्या. अन्... मले आवडतात."

आत्यानं एकदा मला पाहिलं, एकदा त्याला. लिफाफा हळूच खाली ठेवला.

"सुई देता येते का त्याले?" तिनं विचारलं.

"लय हलक्या हातानं," मी म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलंच.

"मंग मोठ्या डॉक्टरनं पाच सुया लिहून देल्या हायेत. त्या त्यानंच द्याव्या." आत्या खिडकीकडे सरकली आणि शेजारची जागा हातानं झटकली. "बस बावा. लोकं हसतात, हसू दे. समतेनं खाकी घातली तवा मीबी हसली होती."

हे मला माहीत नव्हतं. आत्यानं मान खाली घातली, आणि मीही.

प्रसेनजित बसला. मी मशीन हातात घेऊन उभी राहिले. "कुठलं देऊ?"

"आत्याबाईच्या गावचं. आज सुट्टी टाकली मी. सुई देतो, अन् तुमच्या बाबांशी कसं बोलाचं तेबी इचारून घेतो." मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "हाफ भेटंल?"

"फुल," मी म्हणाले.

"मास्तर!" उत्तमराव पुढून ओरडले. "बेल देता का, का लगन इथंच लावता?"

मी दोरी ओढली. दोनदा.