शहाण्णव गुण

आकलनमापकावर हिरवा दिवा लागला की डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळत. टेबलावरचं ते चपटं यंत्र त्यांचं इंग्रजी बोलणं रुग्णाच्या कानात स्पॅनिशमध्ये सांगे. शिवाय चेहरा, नाडी आणि मानेची हालचाल टिपून त्याला किती समजलं याचे शंभरपैकी गुण देई. कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातल्या त्या इस्पितळाने सगळे दुभाषे काढून टाकले, त्याला दोन वर्षं झाली होती.

एउलालिया मोन्तेहानो टोमॅटोच्या पॅकिंग शेडमध्ये काम करी. तिची मूत्रपिंडं निकामी होत आली होती आणि प्रत्यारोपणाच्या यादीत तिचं नाव होतं. मीठ कमी करा, पोटॅशियम टाळा, असं तिला सांगितलं तेव्हा यंत्राने शहाण्णव गुण दिले. तीन महिन्यांनी तिच्या रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढलं. निवड समितीने लिहिलं, रुग्णाला सूचना समजल्या होत्या, तिने त्या पाळल्या नाहीत. नाव यादीतून काढलं गेलं.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ वृंदा चौबळने हा शेरा वाचला आणि एउलालियाला बोलावून घेतलं. आधी यंत्र बंद केलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, वयाचा मान म्हणून नावाआधी ‘दोन्या’ लावून तिने विचारलं, "दोन्या एउलालिया, पोटॅशियम टाळण्यासाठी तुम्ही काय केलंत?"

"मी ते घरात आणलंच नाही कधी," एउलालिया म्हणाली. "दुकानात कुठं मिळतं तेही ठाऊक नाही."

मग तिने पिशवीतून एक पांढरी बाटली काढली. डॉक्टर मीठ नको म्हणाले म्हणून तिने बिनसोडियमचं महाग मीठ आणलं होतं. रोजच्या जेवणात तेच. वृंदाने लेबल वाचलं. सोडियमच्या जागी पोटॅशियम होतं. सांगितलेलं पाळता पाळता बाई मरणाच्या दारात आली होती.

तेव्हाच का विचारलं नाही, या वृंदाच्या प्रश्नावर एउलालिया ओशाळली. डॉक्टरांना पुन्हा विचारायचं म्हणजे तुम्हाला नीट सांगता येत नाही, असं तोंडावर म्हणण्यासारखं. शिकलेल्या माणसापुढे मान हलवावी, हीच तिच्या घरची शिकवण. यंत्राने गुण दिले होते ते तिच्या अदबीला.

एउलालियाला सोबत नेऊन वृंदाने समितीपुढे बाटली ठेवली. अध्यक्ष डॉ. हॅलवर्थ यांनी सौम्यपणे सांगितलं की गुण बदलण्याची तरतूद नियमांत नाही. वृंदाने आवाज चढवला नाही. इथल्या चारशे रुग्णांना नव्वदच्या वर गुण आहेत आणि त्यांतल्या एकालाही आपण काही विचारलेलं नाही, एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एउलालिया उठली. "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तसंच मी केलं. मग मी कुणाचं ऐकलं नाही म्हणून मरायचं?"

डॉ. हॅलवर्थ यांनी कानातलं भाषांतर पूर्ण ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली. यंत्राला त्यांच्या बाजूला कुठलाच दिवा नव्हता.

"डॉक्टर," वृंदा म्हणाली, "त्या आत्ता काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत सांगाल?"