अर्ध्या नंबराची चूक

"जरा डोळे देता का... दहाच मिनिटं?"

कॉलेजच्या तपासणीखोलीत मी एका अनोळखी माणसाला हे विचारलं. तो खालच्या वर्कशॉपमधून तयार चष्मे पोचवायला आला होता. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. माझ्या सरावाचा पेशंट आलाच नव्हता आणि नंबर काढायचं प्रॅक्टिकल आठ दिवसांवर. दोनदा नापास झालेली मी. तिसऱ्यांदा नापास झाले की कोर्समधून नाव कमी. घरी चार वर्षांची लेक, तिला सांभाळणारी वहिनी, आणि 'बघू या यंदा तरी' म्हणणारा दादा.

तो बसला. मी दिवे मंद केले, त्याचा चष्मा काढून ठेवला आणि रेटिनोस्कोपची प्रकाशपट्टी त्याच्या बाहुलीत सोडली. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येणारी ती तांबूस चमक... ती पट्टीबरोबर सरकते की उलट, ते बघायचं, आणि थांबेपर्यंत एकेक लेन्स धरत जायचं. माणसाने चकार शब्द न काढता त्याचा नंबर कळतो. वहिनी म्हणते, स्वभावाचंही असं आधी कळतं तर तुझी फारकत टळली असती.

"समोरच्या मोठ्या अक्षराकडे बघा."

"बघतोय."

"माझ्याकडे बघताय. जवळचं पाहिलं की बाहुली बारीक होते."

"म्हणजे इथे चोरी लपत नाही," तो म्हणाला, आणि शहाण्यासारखा अक्षराकडे बघू लागला... निदान मिनिटभर.

मायनस अडीच, मी सांगितलं. तो हसला, आपल्या काचा आपणच घासल्यात, तीन आहे, म्हणाला. पुन्हा केलं. अडीच. माझा चेहरा पडला. कुणाचाही डोळा असो, मी अर्ध्याने चुकणारच. आमच्या बाई तर म्हणत, हिचा अर्धा नंबर येता येता रस्त्यात सांडतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो न बोलावता आला. मग रोजच येऊ लागला. लेकीबद्दल विचारायचा, ती काय बडबडते ते ऐकून घ्यायचा आणि मुकाट डोळे द्यायचा. पाचव्या दिवशी त्याने खिशातून मोजायची टेप काढली.

"हलू नका."

एक टोक त्याच्या डोळ्यापाशी, दुसरं माझ्या. त्याची बोटं माझ्या गालाजवळ थांबली — आणि मी श्वास घ्यायला विसरले.

"पन्नास सेंटीमीटर," तो म्हणाला. "पुस्तकात किती लिहिलंय?"

सदुसष्ट. तेवढ्या अंतरावरून तपासतात, म्हणून शेवटी उत्तरातून दीड वजा करायचा, हे मी घोकलेलं. पण लेन्स धरायला माझा हात आखूड पडतो, म्हणून मी नकळत पुढे सरकत होते. पन्नासवर दोन वजा करायला हवेत! आपली नजरच कच्ची, असं समजून मी दोन वर्षं उशीत डोकं खुपसून रडले होते.

"इतक्या जवळ उभ्या राहता म्हणून मी तक्रार केली नसती..." तो हळूच म्हणाला, "पण तुम्हाला पास व्हायचंय."

परीक्षेला माझ्यासमोर एक आजी आल्या. चमकेत चाकाच्या आऱ्यांसारख्या काळ्या रेघा — मोतीबिंदूची सुरुवात. तेही लिहिलं. नंबर, प्लस दीड. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, सगळे दीड वजा करतात, तुम्ही दोन का केले?

"सर, माझा हात आखूड आहे. मी पन्नासवर उभी राहते. मोजून बघा."

त्यांनी खरंच मोजलं. मग स्वतः आजींचा डोळा तपासला. प्लस दीड. गुण मांडता मांडता त्यांनी बाईंना विचारलं, हे हिला दोन वर्षांपूर्वी कुणी का सांगितलं नाही? बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत मी वर्कशॉपात गेले. माझा चेहरा बघून त्याने मशीन बंद केलं.

"पास," मी म्हटलं. "घरी सांगायला निघालेय. तुम्हीही चला."

"मी... कोण म्हणून येऊ?"

बेतानं बोलायची सवय आहे मला. शब्द दहादा तपासून मगच तोंडाबाहेर काढते. त्या दिवशी काढला नाही एकही तपासून.

"माझा माणूस म्हणून."

तो एप्रन सोडायला लागला. केसाएवढा चरा न पाडता काचा घासणारे ते हात, पण गाठ काही सुटेना. मीच पुढे झाले आणि सोडवली.