चंद्राबाईंच्या घेवड्याचा डबा

१९९४ सालचा जून. कोरेगाव तालुक्यातल्या एका छोट्या बियाणे केंद्रात त्या सकाळी घेवडा पेरायचा होता. तिथल्या संशोधक दीपमालाने कपाटाचं कुलूप काढलं, डबा उचलला आणि परातीत ओतला.

ती जागीच थबकली.

परातीत नुसता वाघ्या घेवडा होता. गुलाबीसर अंगावर तांबडे पट्टे, सगळे दाणे सारखेच टपोरे. तिने हात फिरवला, पुन्हा फिरवला. एक काळा दाणा नाही, पांढरा नाही.

दोन वर्षं तांबेरा रोगाने सगळ्यांचा घेवडा करपत होता. हिरवं राहिलं ते जवळच्या वाडीतल्या एकट्या चंद्राबाईंचं रान. त्यांच्या घरची रीत अशी, की वाघ्यात काळा आणि पांढरा मूठमूठ मिसळूनच पेरायचा. परतीच्या पावसातून वाचलं तेवढं सगळं बी त्यांनी दीपमालाच्या ओटीत घातलं होतं. "वाढवून दुप्पट देते, मावशी," असा तिने शब्द दिला होता. याच बियापासून तांबेऱ्यात टिकणारा वाण काढायचा होता.

डबा मात्र पूर्वीइतकाच भरलेला होता. म्हणजे कुणीतरी बी बदललं होतं.

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे असत: ती स्वतः, रखवालदार ज्ञानू आणि केंद्राचे प्रमुख आप्पासाहेब. तासगावच्या द्राक्षमजुराच्या या मुलीला बियाण्यातलं सगळं आप्पासाहेबांनीच शिकवलं. कचेरीच्या पंगतीत लोक तिच्याजवळची जागा सोडून बसत, तेव्हा ते मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसत.

तिने आधी ज्ञानूला बोलावलं.

"या डब्याला कुणी हात लावला?"

"म्या न्हाई, बाई. आईची आण."

"उसळीला नेला असशील थोडा?"

"आवं, घेवडा खाल्ला की बायको मला गोठ्यात झोपाय लावती! इचारा तिला."

दीपमालाला हसू आलं. पण संशय गेला नाही.

आप्पासाहेब टेबलाशी शेंगदाणे खात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ज्ञानूच," ते म्हणाले. "तो बाळासो व्यापारी महिनाभर इथे घिरट्या घालतोय. त्याला बी विकलं आणि बाजारातला घेवडा भरून ठेवला. आजच काढून टाकतो त्याला."

"उद्यापर्यंत थांबा, सर."

"फार मऊ आहेस तू." बोलता बोलता त्यांची बोटं सुरकुतलेले शेंगदाणे बाजूला सारत होती. "आणि गेलं काय एवढं? भेसळीचं बी होतं ते. वाण कसा एकरंगी हवा, हे किती वेळा सांगितलं तुला!"

दुपारी ती कोरेगावच्या बाजारात गेली. बाळासो पोत्यांमध्ये बसला होता.

"ज्ञानूकडून घेवडा घेतलात?"

"मी कशाला घीन वो बाई? माझाच खपंना."

तिने त्याच्या पोत्यात हात घातला. खडे, तुटके दाणे, फिकट दाणे, मधेच काळे.

"बाजारात सगळा असाच?"

"आसाच. निवडायचं काम गिऱ्हाइकाचं!"

परतीच्या एसटीत तिला उत्तर सापडलं. ते तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांच्या खोलीत तिने ज्ञानूला आणि चंद्राबाईंना बोलावलं.

"ज्ञानूने चोरी केली असती, तर बाजारातलं पोतं डब्यात रिकामं केलं असतं," ती म्हणाली. "खडे, तुटके, सगळं आलं असतं. या डब्यातला दाणा न् दाणा निवडलेला आहे. खरं तर चोराने काळे-पांढरे दाणे राहू दिले असते, तर मला कळलंही नसतं. पण त्याच्या हाताला राहवलं नाही. वेगळा दाणा दिसला की तो काढायचाच. ही सवय इथे दोनच हातांना आहे. एक माझा. दुसरा तुमचा, सर."

आप्पासाहेब हसायला गेले, पण हसू आलं नाही.

"सांगलीच्या एका खाजगी कंपनीला दिलंय," ते म्हणाले. "निवृत्तीनंतर मला घेणार आहेत तिथे."

"मूठभर मागितलं असतं तरी दिलं असतं मी."

"मग बाकीचं तुझ्याकडे राहिलं असतं. कंपनीला ते दुसऱ्या कुणाकडे नको होतं."

मग चंद्राबाई म्हणाल्या, "माझ्या दारात बसून ताक पिला हुता न्हवं तुमी? तवाच सांगायचं, सायेब, की मला चोरायचं हाय."

दीपमालाने विचारलं, "कंपनीला दिलंत तेही निवडून?"

"अर्थात."

"आणि काळे दाणे?"

"उकिरड्यावर टाकले."

"तांबेरा वाघ्या अडवत नव्हता, सर. मावशींच्या रानात ओळ न् ओळ पाहिली होती मी. डाग नव्हता तो काळ्याच्या झाडांवर. ती मधे होती, म्हणून रोग पसरत नव्हता."

ज्ञानू उकिरड्याकडे धावला. कोंबड्यांनी तिथे काही ठेवलं नव्हतं.

बोभाटा नको म्हणून कंपनीने वाघ्या परत पाठवला. दीपमालाने तो पेरला. श्रावणात पानांवर तांबेरा आला आणि सगळं पीक गेलं.

आप्पासाहेबांना कंपनीने मग घेतलंच नाही. ते सांगलीत मुलाकडे राहिले आणि तिथेच वारले. दीपमाला अंत्ययात्रेला गेली, कोपऱ्यावर उभी राहिली आणि पुढे न जाता परतली. ज्ञानू निवृत्त होईपर्यंत केंद्रातच राहिला, पण कपाटाची किल्ली त्याने पुन्हा हातात घेतली नाही. दीपमाला पुढे कितीतरी वर्षं खटाव-माणची गावं हिंडली. काळा घेवडा मिळाला. तांबेऱ्याला टिकणारा मिळाला नाही.

चंद्राबाईंनी पुढच्या मृगावर सोयाबीन पेरलं. दीपमाला भेटायला गेली की त्या तिला पोटभर जेवू घालत. बियाच्या कणगीजवळ मात्र त्यांनी तिला पुन्हा कधी नेलं नाही.