दुसऱ्याचं कुलूप

"डॉक्टर शिक्षिकेच्या शेजारी बसत नाही. सुतार टोकाला बसतो. डॉक्टर आणि न्हावी यांच्यामध्ये एकच जण..."

ओठ हलवत वाचायची धाकटीला खोडच होती. वाचनालयात सगळे तिच्यापासून दूर बसत ते त्यामुळेच. पण त्या दिवशी समोरूनच आवाज आला.

"सुताराला उजवीकडे बसवलंत ना? मग डॉक्टर बिचारा उभाच राहणार."

तिने वर पाहिलं. टेबलापलीकडे एक उंच, किडकिडीत मुलगा. बोटांची टोकं लोखंडाच्या किसाने काळी पडलेली, आणि नजर सरळ तिच्या पुस्तकावर.

"तुम्ही माझं पान उलट्या बाजूने वाचताय?"

"माझं पुस्तक लायब्ररीचं आहे. नेमकं हेच पान कुणीतरी फाडून नेलंय. तेव्हा जरा सावकाश उलटा."

"आणि सुतार डावीकडे बसवला तर?"

"मग सगळे बसतात. शिवाय शिक्षिका खिडकीपाशी येते."

"खिडकी कुठे दिलीये प्रश्नात?"

"नाही दिलेली. पण इतका वेळ बसवलंय बाईंना, हवा नको?"

धाकटी खळखळून हसली. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं, तशी तिने पुस्तक तोंडावर धरलं. पुस्तकाच्या वरून मात्र ती बघतच राहिली... आणि तोही.

दोघं एकाच परीक्षेला बसणार होते, कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला. आधी लेखी, मग मुलाखत. क्लासमध्ये त्याला सगळे 'पुरावा' म्हणत. "आज उकडतंय" म्हटलं तरी हा विचारणार, "पुरावा?" सकाळी तो वडिलांबरोबर किल्ल्या बनवायचा, दुपारी इथे येऊन बसायचा. यंदा जमलं नाही तर कायमचं किल्ल्यांच्याच कामाला बसायचं, असं घरी ठरलेलं होतं. पुन्हा एक वर्ष थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं.

धाकटीचं तसं काही नव्हतं. वकिलाच्या घरातल्या मुलीला बोलायला लवकर येतं, हा लोकांचा गैरसमज आहे. तिथे बोलायला मिळतंय कुणाला! तिचे बाबा वकील, आत्या वकील, ताईसुद्धा आता काळा कोट चढवून हिंडायला लागलेली. "भाजीत मीठ कमी आहे" म्हणायची सोय नव्हती. कशावरून? कुणाच्या तुलनेत? पहिल्याच घासाला का नाही बोललीस? धाकटी मुकाट्याने अळणी जेवायला शिकली होती. तिनेही वकील व्हायचं, हे तिला न विचारताच ठरलं होतं आणि तिनेही कधी हरकत घेतली नव्हती.

वाचनालयात मात्र तिला कंठ फुटला. ती भांडायची, हरायची, पुन्हा भांडायची. एकदा ती म्हणाली, "हे तुम्ही-तुम्ही काय लावलंयस? मी काय न्यायाधीश आहे?" त्यावर तो कानापर्यंत लाल झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून "तू" म्हणायला लागला. समोरची खुर्ची तो पिशवी ठेवून अडवून ठेवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पिशवीला खुर्ची लागते." धाकटीला यातलं सगळं कळत होतं. कळत नाही असं दाखवणंही तिला छान जमत होतं.

एका संध्याकाळी पावसाच्या सरीने दोघांना वाचनालयाच्या जिन्यात अडकवलं. लेखी परीक्षा पार पडली होती, दोघंही पास झाले होते. आता मुलाखत तेवढी उरली होती.

"मुलाखतीत हमखास विचारतात, वकील का व्हायचंय?" ती म्हणाली. "तू काय सांगणार?"

त्याने पायरीवरचं पाणी पायाने बाजूला सारलं. "कुणाला सांगितलं नाहीये मी हे. हसू नकोस."

"पुरावा देऊ हसणार नाही याचा?"

मग त्याने सांगितलं. तो दहा वर्षांचा असताना जागेच्या मालकाने त्यांच्या दुकानाला कुलूप ठोकलं होतं. "अख्ख्या गावाची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्या दुकानाबाहेर उभा! बाबांनी दोन मिनिटांत उघडलं असतं. मी म्हटलं, उघडा ना. तर म्हणाले, नको, ते कुलूप दुसऱ्याचं आहे." प्रकरण कोर्टात गेलं. मालकाच्या बाजूने वकील, यांच्या बाजूने कुणीच नाही. न्यायाधीशांनी विचारलं, तुमच्या वतीने कोण बोलणार? बाबा इकडेतिकडे बघायला लागले. "तर मी शाळेत करतात तसा हात वर केला. सगळं कोर्ट हसलं..."

तेवढ्यात सर ओसरली. "अगं बाई, थांबला! पळते, नाहीतर घरी उलटतपासणी," म्हणत धाकटी उठली. निघताना तिने त्याच्या काळ्या बोटांवर क्षणभर हात ठेवला, आणि मग रस्ताभर तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. गोड लाज होती ती. खरी लाज कशी असते, ते अजून तिला कळायचं होतं.

घरी मुलाखतीची रंगीत तालीम झाली. "समाजाची सेवा करायची आहे," धाकटी म्हणाली. बाबांनी जांभई दिली. ताई म्हणाली, "असली उत्तरं ऐकून त्यांचे कान किटलेत. गोष्ट हवी, गोष्ट! तुझ्याकडे आहे का एखादी?"

नव्हती. आयुष्यात धाकटीच्या कशालाही कधी कुलूप लागलं नव्हतं.

त्या दिवशी आरशासमोर केस विंचरताना तिने ती गोष्ट स्वतःची म्हणून बोलून पाहिली. सहज, कशी वाटते ते बघायला. छान वाटली. मग आणखी एकदा बोलली. शेवटी हसणाऱ्या कोर्टात तिने न्यायाधीशांनाही हसवलं, म्हणजे रंग चढतो. पुढे कधी आठवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं ते या आरशामुळे. 'जीभ घसरली' म्हणायची सोयच तिने ठेवली नव्हती.

मुलाखतीला तिघातिघांना एकदम आत घेत. एक चष्मेवाली मुलगी, मधे धाकटी, तिच्या शेजारी पुरावा. आत शिरताना तो कुजबुजला, "घाबरू नकोस. मी आहे." समोर दोन प्राध्यापक, आणि मधोमध निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

चष्मेवाली न्यायावर घडाघडा बोलली. मोठ्या बाईंनी "छान" म्हणून पान उलटलं, आणि त्या धाकटीकडे वळल्या.

"घरात तीन वकील आहेत तुमच्या. चौथा कशाला?"

धाकटीच्या पाचावर धारण बसली. एवढे दिवस घोकलेली समाजसेवा कुठल्या कुठे पळाली. तोंडातून निघालं, "एक किल्लीवाले होते..."

"कोण? ओळखीचे?"

"आजोबा. आईचे वडील. बाबांना कळवलं नव्हतं त्यांनी."

एकदा सुरुवात झाल्यावर बाकीचं आपोआप आलं. कुलूप आलं, 'ते दुसऱ्याचं आहे' आलं. प्राध्यापक पुढे सरकून ऐकायला लागले. शेजारची खुर्ची एकदाच करकरली आणि गप्प झाली.

"आणि हात कुणी वर केला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. "सगळे हसले. न्यायाधीशसुद्धा."

मग मोठ्या बाई पुराव्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला का व्हायचंय वकील?"

आता तो बोलणार. उकाड्याचाही पुरावा मागणारा मुलगा, तो का सोडेल? धाकटी मान खाली घालून वाट बघत राहिली. त्याने एकदा आपल्या बोटांकडे पाहिलं.

"मला... वाद घालायला आवडतो," तो म्हणाला.

"तो तर आमच्या सौभाग्यवतींनाही आवडतो," एक प्राध्यापक म्हणाले, आणि सगळे हसले. सवयीने धाकटीचेही ओठ हसले. आयत्या बिळात नागोबा होऊन बसलेली ती, वर हसलीसुद्धा!

बाहेर नळावर तो तोंड धूत होता. ती जवळ गेली, तसा त्याने रुमाल काढून शांतपणे तोंड पुसलं.

"अभिनंदन. छान बोललात तुम्ही."

त्या 'तुम्ही'पेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"अरे, ऐक ना... मी..."

"एकच चुकलं. न्यायाधीश हसले नव्हते."

"पण तूच म्हणालास ना, सगळं कोर्ट..."

"पुढचं सांगणार होतो. पाऊस थांबला आणि तुम्ही उठलात." त्याचा आवाज चढलाही नाही. "ते एकटेच हसले नाहीत. मला पुढे बोलावलं. विचारलं, काय म्हणणं आहे तुमच्या पक्षाचं? मी म्हटलं, बाबांना कुलूप उघडता येत होतं, तरी त्यांनी उघडलं नाही. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. केस हरलो आम्ही. दुकानही गेलं, आता टपरीवर आहोत. पण बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, ऐकून घेतलं रे त्यांनी." त्याने रुमालाची नीट घडी घातली. "म्हणून मला वकील व्हायचं होतं."

'होतं' म्हणाला तो, आणि जिना उतरून गेला.

अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. पण कॉलेजची फरशी चांगली मजबूत होती. धाकटी तिच्यावर उभीच राहिली. गोष्ट चोरली ती चोरली, वर तीही अर्धीच ऐकलेली! ज्या माणसाने ऐकून घेतलं, त्यालाच तिने हसवलं होतं. तिचे कान, गाल, मान, सगळं पेटलं होतं. घरी जावं, पांघरुणात तोंड खुपसावं आणि वर्षभर बाहेर येऊ नये, असं तिला वाटलं. त्याऐवजी तिने मुलाखतीच्या खोलीचं दार ढकललं.

आत चहा चालला होता.

"ती गोष्ट माझी नाही," धाकटी म्हणाली. तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. "माझे आजोबा किल्ल्या करत नव्हते. मी कधी हात वर केला नाही. ती त्याची गोष्ट आहे, माझ्या शेजारी बसलेल्याची. त्याने विश्वासाने सांगितली होती. आणि न्यायाधीश हसले नव्हते, ते मी पदरचं घातलं."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "कुणाला कळलं नसतं."

"त्याला कळलंय."

"तो तर त्याबद्दल अक्षरही बोलला नाही."

"म्हणूनच आले."

"याचा परिणाम काय होईल, माहीत आहे?"

"वकिलांच्या घरातली आहे मी. माहीत आहे."

"मग अशी उभी काय राहिलीस? आमचा चहा संपायच्या आत त्याला घेऊन ये."

धाकटी धावत सुटली. बसथांब्यावर बस लागली होती, आणि त्याचा एक पाय पायरीवर होता.

"थांब! मी चोरी केलीये!" ती ओरडली.

रांगेतल्या एका काकूंनी चटकन पर्स छातीशी धरली.

"तुमची नाही हो काकू, याची! याची गोष्ट चोरली. आत सगळं सांगून आलेय. त्या तुला बोलावतायत. माझ्यावर राग धर, तोंड बघू नकोस माझं, पण आधी चल!"

"पुरावा?" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि तोच ओशाळला.

ती धापा टाकत समोर उभी होती, नाक लाल, डोळे भरलेले. आणखी पुराव्याची गरज नव्हती.

"चढायचं तर चढा, नाहीतर उतरा, साहेब!" चालक वैतागला. तो उतरला.

तो आत असताना बाबांचा फोन आला. "कशी झाली?"

"बाबा, मी तिथे खोटं बोलले. मग जाऊन खरं सांगितलं. यंदा माझं काही होणार नाही." आता उलटतपासणी, म्हणून तिने डोळे मिटले. बाबांनी मात्र पुढे एकही प्रश्न विचारला नाही. "घरी ये," ते म्हणाले. "जेवायचे थांबतो."

दार उघडलं. तो बाकावर तिच्या शेजारी येऊन बसला.

"सोमवारी प्रवेशाचे कागद घेऊन ये म्हणालेत," तो म्हणाला.

"खरंच?" तिचा जीव भांड्यात पडला.

"मोठ्या बाईंनी तुझ्याबद्दलही विचारलं. म्हणाल्या, नुकसान तुझं झालंय, तर तूच सांग, हिला घ्यायचं का?"

"मग?"

"नको म्हटलं."

ते लागलं. फार लागलं. पण बरोबर होतं. तिने मान हलवली आणि पर्स उचलली.

"पूर्ण ऐक की! आजही मधेच उठणार आहेस?" तो म्हणाला. "यंदा नको, असं म्हटलं. पुढच्या वर्षी तिला पुन्हा विचारा म्हटलं. तेव्हा तिच्याकडे स्वतःची गोष्ट असेल."

"कुठली?"

"आजची."

मग मात्र तिला आवरलं नाही. ती रडली, नाक ओढलं, मधेच हसली, पुन्हा रडली. तो खिडकीबाहेर बघत बसला, पण रुमाल तेवढा तिच्याकडे सरकवला.

"त्या गोष्टीत तू येणार," जरा वेळाने ती म्हणाली. "सांगितलं तर चालेल का तुला?"

"चालेल," तो म्हणाला. "विचारलंस म्हणून."

"आणखी एक आहे. मला तू... म्हणजे मला तू आवडतोस. आज हे सांगायला फार वाईट दिवस आहे, कळतंय मला."

"फारच वाईट."

"रागावलायस?"

"खूप."

"किती दिवस राहील राग?"

त्याने गंभीरपणे विचार केला. ओठांचा एक कोपरा मात्र त्याचं ऐकत नव्हता.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुला रोज येऊन बघावं लागेल."

"येईन," धाकटी म्हणाली.