गाळलेल्या शिव्या

दार-एस-सलामच्या परिषदगृहात, वरच्या यंत्रखोलीत डॉ. मासांजा बसले होते आणि खाली सभागृहात आफ्रिकेचं ऐक्य त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होतं.

ठराव साधा होता: साऱ्या खंडाचं एकच नागरिकत्व. ही कल्पना वाढली तीसुद्धा खंडाबाहेर. गुलाम म्हणून नेलेल्यांच्या नातवंडांनी ती परक्या शहरांत मांडली, कारण तिथे ते फक्त 'आफ्रिकी' उरले होते. पुढे देश स्वतंत्र झाले, पण युरोपने आखलेल्या सीमा तशाच राहिल्या आणि सभा बहुतेक परक्या भाषांतच चालल्या. या वेळी प्रत्येक प्रतिनिधी आपल्या मातृभाषेत बोलत होता. मासांजांचा 'भाषासेतू' ते बोलणं दुसऱ्याच्या कानात त्याच्या भाषेत पोचवत होता.

तरी बोलणी अडली होती. मागच्या रांगेत युरोपचे निरीक्षकही भाषासेतू कानाला लावून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत सह्या झाल्या नाहीत, तर सगळे घरी जाणार होते.

"भाषांतर चोख आहे," मासांजा म्हणाले. "मग हे असे अवघडून का बसलेत?"

"गुरांचं शेपूट धरून शहरात आलेल्याला काय कळणार!" त्यांची सहकारी मवाजुमा म्हणाली.

"नारळ पडायची वाट बघत झोपणाऱ्या जमातीने मला शिकवू नये."

ते सुकुमा, ती झारामो. या दोन जमातींत 'उतानी' चालते: एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, राग धरू नये. मासांजांची बायको गेली तेव्हा सगळे हळू आवाजात सांत्वन करत होते. मवाजुमाने मात्र अंगणातून हाक मारली होती, "आयतोबा, रडून झालं असेल तर आम्हाला जेवायला वाढ!" त्या दिवशी त्यांच्या पोटात पहिला घास गेला.

मासांजा ताडकन उठले. "मवाजुमा, सेतूतली आपली मार्दवगाळणी!"

"ती हवीच. अपमानाचे शब्द गाळते ती."

"मालीचा प्रतिनिधी मघाशी सेनेगलच्या बाईंना काय म्हणाला? मूळ आवाज लाव."

तिने लावला. तो म्हणाला होता, "ए चवळीखाऊ!" बाईंच्या कानात पोचलं होतं, "सन्माननीय सदस्या."

मवाजुमाने कपाळावर हात मारला. "अगं बाई! पश्चिम आफ्रिकेतही उतानी?"

"त्या सीमांच्याही आधीची! तो आपलेपणाने बोलतोय आणि बाईंना वाटतंय, हा आपल्याला परकं समजतो. आपण शब्द मोजले, सलगी मोजायला हवी होती. समोरचा हसेल अशी खात्री असली की आवाज वेगळा लागतो. तो आवाज यंत्राला ओळखता येईल."

"म्हणजे जितकं नातं जवळचं, तितकी शिवी ठसठशीत. आणि परक्याला?"

"निखळ आदर."

"आणि यंत्र चुकलं तर? खाली खुर्च्या उडतील, मासांजा."

"तर तू झारामो म्हणून आधी पळशील."

तिने नियम बदलला.

मालीचा प्रतिनिधी पुन्हा बोलला. सेनेगलच्या बाई सावकाश उठल्या.

"चवळीखाऊ मी?" बाई कडाडल्या. "अरे, तुझ्या आजोबाने आमची पातेली चाटली, म्हणून तू जन्मलास!"

तो टेबल बडवून हसला. मग घानाने नायजेरियाच्या तांबड्या भाताला नावं ठेवली, नायजेरियाने घानाच्या. झांबियाने कोणाला माकड म्हटलं ते कळलं नाही, पण दोघे गळ्यात पडले. वर मवाजुमा नाचत होती. अंधार पडायच्या आत सह्या झाल्या, आणि अध्यक्षांनी ऐक्याची घोषणा मोठ्याने वाचली तेव्हा 'सन्माननीय'च्या जागी प्रत्येक प्रतिनिधीच्या कानात वेगळी शिवी पोचली.

सभागृह अजून हसत असतानाच युरोपचे निरीक्षक जिना चढून वर आले. ते भारावले होते.

"डॉक्टर, बाकीच्यांना काय काय ऐकावं लागलं ते आत्ता समजलं," ते म्हणाले. "आमच्यासाठी मात्र तुम्ही एकही वावगा शब्द येऊ दिला नाही. अगदी शेवटपर्यंत 'महामहीम'! हा खास मान आम्ही विसरणार नाही."

मवाजुमाने मासांजांकडे पाहिलं. मासांजांनी कोट सारखा केला आणि कमरेत लवून म्हणाले, "आपली कृपा, महामहीम."