वीतभर फट

त्याचा चेहरा दिसण्याआधी मला त्याचा अंगठा दिसला. फाटक्या मोज्यातून बाहेर आलेला, चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात गारठून लाल झालेला.

आमच्या नोएडाच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत बूट काढूनच जायचं. माणसांच्या छातीत धूळ गेलेली चालायची, मशीनच्या नाही. नव्या मशीनला हार होता, कुंकवाचं स्वस्तिक होतं. मला सोमवारपर्यंतची मुदत होती.

आम्ही गुडगावच्या नव्या सेक्टरांचे नकाशे करायचो. मोजणीचे आकडे भरायचे, मशीन हिशोब करणार, आणि हद्दीची रेघ फिरून जिथून निघाली तिथेच यायला हवी. माझी येत नव्हती. जमिनीच्या मापाने वीतभर फट राहायची. भाटियासाहेब म्हणाले होते, "मशीन गलती नहीं करती, कादंबरी. लडकियां करती हैं." रेघ जुळली नाही तर नोकरी संपली. मग घर, आणि दर रविवारी कांदेपोहे.

"आपकी मशीन है?" मशीनच्या कंपनीकडून आलेल्या त्या अंगठेवाल्याने विचारलं.

"मशीन साहब की है. गलती मेरी है. साहब कहते हैं, लडकियां ही करती हैं."

तो टेबलाखाली वाकला, वायर तपासली, उठताना डोकं आपटलं. "आई गं—"

"मराठी?"

"पुण्याचा. शार्दूल. आता दिल्लीत, मुनिरक्यात राहतो."

"पुण्यात मोजे शिवत नाहीत?"

"शिवणारं कोणी नाही…"

"मीही नाही."

"मी कुठे विचारलं?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

याआधी कंपनीकडून आलेले दोघं 'सब ठीक है' म्हणून चहा पिऊन गेले होते. हा बसला. "तुम्ही आकडे वाचा, मी भरतो. मग चूक तुमची उरणार नाही."

मी वाचत गेले. घसा कोरडा पडला, तेव्हा त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता आपला चहा माझ्याकडे सरकवला. शेवटी रेघ आली — वीतभर फट ठेवून.

तो बघत राहिला. "झालं. आता मीही लडकी."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

मग आम्ही कोपऱ्यातलं जुनं मशीन चालू केलं. ते इतकं मंद, की हिशोब लावून आम्ही गच्चीवर उन्हात शेंगा सोलत बसलो.

"एक सांगू? आमच्या ऑफिसात ठरलंय… गिऱ्हाईक ओरडलं, तर भरणाऱ्याची चूक म्हणायचं."

"मग म्हणा की."

"भरणारा मीच होतो ना, यार." सोललेले दाणे त्याने माझ्या तळहातावर ठेवले. बोटं जरा जास्तच रेंगाळली… मी हात मागे घेतला नाही.

खाली आलो. जुन्या मशीनवर रेघ बिनचूक जुळली होती. मग त्याने माझाच एक आकडा नव्या मशीनवर भागला आणि परत गुणला, शाळेत पडताळा घेतात तसा. मूळ आकडा परत आला नाही.

"चिपच्याच भागाकारात खोट आहे," तो हळू म्हणाला. "मोजक्याच आकड्यांना चुकते. म्हणून कोणाला कळत नाही."

भाटियासाहेब आत आले. बूट घालून.

शार्दूल उभा राहिला, अंगठा बाहेर. "सर, कादंबरीजी सही हैं. हमारी चिप गलत है."

"तुम्हारी कंपनी को पता है, तुम क्या बोल रहे हो?"

"शाम तक पता चल जाएगा, सर."

साहेबांनी हाराकडे पाहिलं. "तो बदलो." माझ्याशी एक शब्द नाही. पण नोकरी राहिली.

संध्याकाळी स्टॉपवर धुकं उतरत होतं. माझ्यासाठी असं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं. जे मिळवलं ते भांडून; त्याचे आभार कोणाचे मानायचे?

"तुम्हाला काढतील?"

"ओरडतील. काढलं तर बघू."

त्याची बस आली.

"शार्दूल, मी तुमचे आभार मानणार नाहीये."

त्याचा चेहरा उतरला. "नका मानू…"

"आभार परक्यांचे मानतात."

बस गेली. तो तिथेच.

"तुमची बस—"

"दिसली मला."

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. "रविवारी मोजे घेऊन घरी या. सुई मी देईन, शिवायचं तुम्ही."

"आणि नीट शिवलंय का, ते?"

"ते मी बघेन," मी म्हणाले. "आता नेहमीच बघेन."